आधी अळी, मग आपण

हळबे अण्णांच्या घरात माणसांच्या आधी अळ्या जेवायच्या. हे मी कुचेष्टेनं म्हणत नाही, त्या घरची रीतच तशी होती. बाजारातून भाजी आली की तिचं एकेक पान बाल्कनीतल्या बरण्यांमध्ये जायचं. बरणीत अळी. अळीनं खाल्लं, खाऊन दुसऱ्या दिवशी हिंडली-फिरली, की मग अण्णांच्या बायकोनं, मालतीकाकूंनी, विळी काढायची. "आधी अळी, मग आपण," हे अण्णांचं ब्रीदवाक्य. आता त्या बरण्या नाहीत. मला त्यांची आठवण येईल असं तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

आम्ही बेंगळुरूत के. आर. पुरमला राहायला आलो त्या आठवड्यात मी मेथीची भाजी करून शेजारी डबा घेऊन गेले. मी पुण्याची असूनही न मागता डबा घेऊन गेले, यावरून माझा उत्साह लक्षात यावा. दार अण्णांनीच उघडलं. अंगात बनियन, चष्मा कपाळावर, हातात भिंग.

"शिजवलेली?" डब्याकडे बघत त्यांनी विचारलं. "अरेरे. शिजवलेली तपासता येत नाही हो अक्का. कच्ची जुडी उरलीय का घरात?"

मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी मी अक्का. बेंगळुरूत जन्म गेलेला माणूस, बायकांना सरसकट अक्का म्हणायचा. उरलेली अर्धी जुडी मी आणून दिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती परत आली, देठांना पिवळा टॅग बांधून. टॅगवर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं: 'होल्ड. अळी साशंक.'

आणि डबा? तो मालतीकाकूंनी दाराआड घेतला होता आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या चाटूनपुसून संपवला होता. "ह्यांच्या अळीचं पोट भरेपर्यंत माझा जीव जातो गं," असं त्या मला नंतर म्हणाल्या.

हे टॅग कुठून आले ते सांगायला हवं. अण्णा आयुष्यभर एका सरकारी कारखान्यात इनवर्ड इन्स्पेक्शनला होते. बाहेरून आलेला प्रत्येक सुटा भाग, मग तो एवढासा स्क्रू का असेना, अण्णांच्या टेबलावरून जायचा. हिरवा टॅग म्हणजे पास, पिवळा म्हणजे होल्ड, लाल म्हणजे रिजेक्ट. "माझ्या हातून वाईट पीस कधी आत गेला नाही," हे ते दिवसातून एकदा तरी म्हणायचे. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जातात, पार्कात हसायला जातात. अण्णांनी छापखान्यात जाऊन तिन्ही रंगांचे नवे टॅग छापून आणले आणि घराचं फाटक ताब्यात घेतलं.

त्यांचा फ्रिज उघडला की सगळीकडे टॅगच टॅग. कोबी हिरवा, फ्लॉवर लाल, दुधी पिवळा. "इतकी वर्षं लग्नाला झाली," काकू म्हणायच्या, "मला अजून पास केलं नाही की फेल केलं नाही. मी आपली होल्डवर."

अळ्यांचीही खातेनिहाय वाटणी होती. कोबीला कोबीवरची अळी, कढीपत्त्याला कढीपत्त्यावरची, अळूला अळूवरची, ती शेपटीला बारीकसं शिंग असलेली. मी एकदा म्हटलं, "अण्णा, एकच ठेवा की, सगळ्यांना पुरेल." तर मला म्हणतात, "छे छे! इलेक्ट्रिकलच्या माणसाला मेकॅनिकलचं टेबल देता येत नाही." अळी खाऊन खाऊन जाडजूड झाली की तिला खालच्या बागेत सोडून यायचे आणि वर येऊन जाहीर करायचे, "सेवानिवृत्त." तिच्या जागी नवी, कोवळी, भुकेली अळी. हे सेवानिवृत्तीचं जरा लक्षात ठेवा.

बाजारात त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे शिक्षा. के. आर. पुरमच्या संतेत, म्हणजे आठवडी बाजारात, सगळं जग चकचकीत वांगी निवडतं, अण्णा भोकं पडलेली शोधायचे. पालेभाजीवाल्या लक्ष्मम्मानं हे लगेच हेरलं. जो माल संध्याकाळी फेकून द्यायचा, तो ती सकाळीच बाजूला काढून ठेवायची आणि लांबून हाक मारायची, "अण्णा, स्पेशल इदे!" अण्णा खुशीत पिशवी भरायचे. मागून मी कपाळावर हात मारायची.

इंदिरानगरच्या त्या मोठ्या दुकानात मात्र आमची पार शोभा झाली. तिथे सेंद्रिय भाज्यांचं वेगळं दालन आहे, गार हवा, मंद संगीत, प्रत्येक पाकिटावर हिरवं पान आणि हसरा शेतकरी. अण्णांनी भिंग काढलं. काकडी नखानं खरवडली, नखात मेण आलं, ते तिथल्या मुलीच्या नाकासमोर धरलं.

"ये क्या है?"

"सर, ऑर्गॅनिक है. सर्टिफाइड."

"किसने देखा?"

"सर, लेबल है ना."

"लेबल मैंने देखा. भाजी किसने देखा?"

मुलीनं पुन्हा लेबलावर बोट ठेवलं. तिचाही काय दोष, तिला लेबलाच्या पलीकडचं कुणी सांगितलंच नव्हतं. मग अण्णा पाकिटावरच्या शेतकऱ्याकडे निरखून बघत मला म्हणाले, "अक्का, हा गृहस्थ मागच्या खेपेला तुपाच्या बरणीवर होता." एव्हाना रखवालदार जवळ येऊन उभा राहिला होता. मी अण्णांना दंडाला धरून बाहेर काढलं. रिक्षात बसल्यावर ते एकदम गंभीर झाले. "पान छापायला काय लागतं हो? फवारणी काय डोळ्यांना दिसते? मग विश्वास ठेवायचा तो कशावर?" मी रिक्षावाल्याला मीटर टाकायला सांगितलं. कशावर ते मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि मी रोज भाजी खाते.

या माणसाच्या पोटी मंदार. अण्णांचा एकुलता एक. कोरमंगलात चांगली आयटीची नोकरी होती, ती सोडली आणि एका कन्नड मित्राबरोबर, किरणबरोबर, सेंद्रिय भाज्यांची कंपनी काढली. कोलारकडचे शेतकरी गाठायचे, त्यांच्याकडून बिनफवारणीची भाजी घ्यायची, लेबल लावायचं आणि घरोघरी पोचवायची. आता बोला!

अण्णांनी तोंडानं कधी कौतुक केलं नाही. पण लिफ्टमध्ये कुणीही भेटलं की, "आमचा मंदार ना, शेतकऱ्यांकडे स्वतः जातो हो," हे सुरू. माणसाचा मजला येऊन गेला तरी दाराला हात लावून उभे. घरात मात्र बापलेकांची रोज जुंपायची.

"बाबा, भोकं म्हणजे पुरावा नाही. भोकं पडल्यावरच तर लोक फवारतात!"

"म्हणून तर अळी लावायची."

"आम्ही लॅबमधून तपासून घेतो."

"लॅब कागद देते. कागद कुणीही छापतं."

"मग मी काय करू, प्रत्येक गिऱ्हाइकाच्या घरी एक अळी पाठवू?"

"पाठव की," अण्णा म्हणायचे, अगदी मनापासून. यावर मंदारलाही हसू यायचं. तोवर सगळं हसण्यावारी चाललं होतं.

मग आली ऋषिपंचमी. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे ऋषीची भाजी करतात: अळू, माठ, भेंडी, दोडका, सुरण, सगळं एकत्र, आणि तेही बैलाच्या कष्टाशिवाय पिकलेलं. परसात, कुंपणावर, आपल्या हातानं लावलेलं. लेबल-बिबल कुणाच्या स्वप्नातही नव्हतं तेव्हापासूनचा हा नियम. मंदारनं मनात धरलं होतं की यंदा घरची ऋषीची भाजी आपल्या कंपनीची. गणपतीच्या संध्याकाळी तो पेटी घेऊन आला. वर केळीचं पान, आत कोवळा अळू, लालचुटूक माठ, भेंड्या, आणि त्याच्या कंपनीचं हिरवं लेबल. पेटी त्यानं गणपतीसमोर ठेवली. काकूंचे डोळे भरून आले.

"झकास दिसतंय," अण्णा म्हणाले. "स्वल्प थांबा. इन्स्पेक्शन व्हायचंय."

"अहो, आज सणाचं..." काकू म्हणाल्या. पण अळूचं एक पान कातरून बरणीत गेलंही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला आम्ही दोघं नवराबायको होतो, काकूंची बहीण होती, मंदार आणि त्याचा भागीदार किरण होते. काकू अळूचे देठ सोलायला म्हणून हाताला तेल लावून बसल्या होत्या. अण्णा बाल्कनीतून आले. हातात बरणी. पान जसंच्या तसं होतं, आणि अळी तळाशी पडलेली, काळवंडलेली, आकसलेली. बोटानं बरणीवर टिचकी मारली तरी हलेना.

अण्णांनी काही आरडाओरडा केला नाही. तसं केलं असतं तर बरं झालं असतं, मंदार भांडला असता आणि विषय संपला असता. ते शांतपणे टेबलाशी गेले, खणातून लाल टॅग काढला, तारीख घातली, सही केली आणि तो पेटीला बांधला. गाठ नीट मारली. आयुष्यभराची सवय.

"बाबा," मंदार म्हणाला, "सगळ्यांसमोर?"

"घरचा माल म्हणून पास करू का?" अण्णा म्हणाले. "मग मी त्या लेबलवाल्यांना कुठल्या तोंडानं बोलू?"

किरणला मराठी येत नव्हतं, पण टॅगवर छापलेला इंग्रजी 'रिजेक्ट' त्याला वाचता येत होता. तो खाली बघत बसला. मंदारनं पेटी उचलली, टॅगसकट, आणि चपला घालून निघून गेला. किरण त्याच्या मागे. काकू तेलाचे हात तसेच मांडीवर घेऊन बसून राहिल्या. त्या दिवशी हळब्यांकडे ऋषीची भाजी झाली नाही. आम्ही वरणभात जेवलो, आणि कुणी कुणाकडे बघितलं नाही.

पुढच्या उन्हाळ्याच्या आत कंपनी बंद पडली. मंदारनं पुन्हा नोकरी धरली. पार्किंगमध्ये एकदा भेटला तेव्हा मी न राहवून विचारलं. "टॅगमुळे नाही हो बंद पडली, ताई," तो म्हणाला. "पैसाच उभा राहिला नाही. पण त्यानंतर लेबल चिकटवताना दर वेळी हात थांबायचा. वाटायचं, बाबांचं खरं असलं तर? मलाच खात्री नाही, तर गिऱ्हाइकाला काय देणार?"

सणाला यायचा तो. मिठाईचा बंद डबा आणायचा, "बाबा, सीलबंद आहे," म्हणायचा, आईशी बोलायचा, जेवायचा आणि जायचा. अण्णांशी हवापाण्याचं बोलणं. ट्रॅफिक फार होतं का? होतं. इतकंच.

आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की बाल्कनीत बरण्या नाहीत. फ्रिजमध्ये टॅग नाहीत. अण्णा कुठलीही भाजी आणू लागले. चकचकीत वांगी, मेण लावलेली काकडी, लेबलवाली, बिनलेबलाची, सगळं मुकाट्यानं खायचे. सोसायटीत सगळे म्हणाले, चला, शहाणपण आलं म्हाताऱ्याला. लक्ष्मम्मा तेवढी मला विचारायची, "अण्णा का येत नाहीत? स्पेशल वाया जातंय." मला ते शहाणपण बघवायचं नाही. मी एकदा मुद्दाम मेथीची जुडी घेऊन गेले आणि म्हटलं, "अण्णा, जरा बघता का, मला शंका येतेय." त्यांनी जुडी हातातही घेतली नाही. "चांगली असेल हो," म्हणाले. मी घरी येऊन चक्क रडले. मेथीच्या जुडीवरून रडणारी बाई तुम्ही बघितली नसेल.

यंदाच्या ऋषिपंचमीला सकाळी त्यांनीच माझं दार वाजवलं. "अक्का, जरा येता?"

काकू स्वयंपाकघरात होत्या. अण्णांनी मला हत्यारांच्या कपाटापाशी नेलं. पकडी आणि पान्यांच्या मागून एक बरणी काढली. त्यात वाळून चुरा झालेलं अळूचं पान, आणि एक तपकिरी, पोकळ, टोकाला फुटलेलं टरफल.

"ही ती बरणी," अण्णा म्हणाले. "पुरावा फेकायचा नाही, हा कारखान्याचा नियम. म्हणून ठेवली. पुढे काही दिवसांनी, आता धुऊन टाकू म्हणून उघडली, तर आतून पतंग उडाला. हा एवढा. ट्यूबलाइटला जाऊन धडकला."

मला क्षणभर कळेना. मग ते फुटलेलं टरफल पुन्हा बघितलं, आणि कळलं.

"मेली नव्हती हो," अण्णा म्हणाले. "कोष करायच्या आधी अळी खायचं सोडते. काळी पडते, हलत नाही. मला माहीत नव्हतं. जाड झाल्या की मी सोडून यायचो ना बागेत. पुढचं कधी बघितलंच नाही. त्या वर्षी गणपतीच्या गडबडीत हिला सोडायची राहिली." त्यांनी बरणीची काच अंगठ्यानं पुसली. "पानात दोष होता असं म्हणायला मला काहीही आधार नव्हता, अक्का. माझं गेज, मोजायचं मापच, चुकीचं होतं."

"पण हे तुम्हाला तेव्हाच कळलं? कंपनी चालू असताना?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

मला राग आला, खरंच सांगते. "अहो, मग एक फोन करायचा होता! एक फोन, अण्णा!"

"रोज हातात घ्यायचो फोन," ते म्हणाले. "वाईट पीस आत गेला नाही, हे मी सगळ्यांना सांगत आलो. चांगले किती बाहेर ठेवले, ते मला कधी कुणी विचारलंच नाही. एकदा बांधलेला लाल टॅग मी जन्मात सोडवला नाही. तो सोडवायचा कसा, तेच येत नाही मला."

तेवढ्यात बेल वाजली. मंदार. हातात साधी प्लास्टिकची पिशवी, कुठल्याशा कोपऱ्यावरच्या गाडीवरून घेतलेली. काकूंनी त्याला भाजी आणायला सांगितली होती. पिशवीतून अळूची पानं बाहेर डोकावत होती.

"आई, घे," तो म्हणाला, आणि बापाकडे न बघता, "लेबल वगैरे काही नाही हं. तपासायची तर तपासून घ्या."

अण्णा पुढे झाले. पिशवीत हात घातला, हाताला लागली ती भेंडी काढली, आणि न धुता, न पुसता, तशीच कच्ची कराकरा चावून खाल्ली. ज्यानं लग्नाच्या पंगतीत कधी कोशिंबिरीला हात लावला नाही, तो माणूस. मंदार बघतच राहिला. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

भेंडी गिळून अण्णांनी बरणी त्याच्यापुढे धरली. "तुझ्या पानानं मेली नव्हती ती. उडून गेली. माल चांगला होता, मंदार. मी चुकलो."

मंदारनं बरणी घेतली. उजेडात धरून ते टरफल फिरवून फिरवून बघितलं. "कधी कळलं?"

"त्याच महिन्यात."

"त्याच महिन्यात," मंदार म्हणाला. आवाज चढला नाही. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. मग त्यानं बरणी टेबलावर ठेवली, पिशवी उचलली आणि आईच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेला. आतून विळी मांडल्याचा आवाज आला.

अण्णा जागेवरच. हातात भेंडीचं देठ. इतका म्हातारा मी त्यांना कधी पाहिला नव्हता.

मग आतून मंदारची हाक आली, कोरडीच. "बाबा, अळू सोलायचाय. हाताला तेल लावून या. खाज येईल."

अण्णा माझ्याकडे वळले. हळूच म्हणाले, "अक्का, हे... हे पास समजायचं का?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण त्यांच्याशी मला खोटं बोलता आलं नाही.

"होल्ड, अण्णा," मी म्हटलं. "स्वल्प थांबा."

त्यांनी मान डोलावली, कोनाड्यातली तेलाची वाटी घेतली, आणि दोन्ही हातांना अगदी मनगटापर्यंत तेल चोपडत आत गेले.